भंगारात आलेले मरण आणि लाल त्रिकोणाची खूण

मागच्या महिन्यात रविवारची वंदना संपल्यावर विहारात थांबलेल्या मंडळींना आम्ही एक कागद दाखवला. पिवळ्या रंगावर काळ्या तीन पाकळ्या आणि मध्ये ठिपका. हे काय असेल, असे विचारले. एक भाऊ म्हणाले, पंखा. एका ताईंना ते कुठल्याशा पक्षाचे निवडणूक चिन्ह वाटले. भंगार वेचण्यात ज्यांचे निम्मे आयुष्य गेले त्या मावशींनी कागद हातात घेऊन निरखून पाहिला आणि सांगितले, "मोटारीचा पंखा हाय. असला माल येतो आमच्याकडं, पर वजनाला लई हलका." सगळे हसले, आम्हीही हसलो.

मग दुसरा कागद काढला. त्यावर लाल त्रिकोण. त्रिकोणाच्या टोकाशी त्याच तीन पाकळ्या, त्यांतून खाली सुटलेले किरण. खाली एका बाजूला कवटी आणि हाडे, दुसऱ्या बाजूला पळत सुटलेला माणूस आणि बाण. आपले मासिक एका रंगात छापले जाते, म्हणून खूण शब्दांत सांगतो आहोत. मावशींनी हा कागद बघितला आणि लगेच म्हणाल्या, "ह्याला हात लावायचा न्हाई. पळायचं." आणि थोड्या वेळाने, "मंग हे आम्हाला आजवर कुनी दाखवलं का न्हाई?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

दोन्ही कागदांवरच्या खुणा एकाच धोक्याच्या आहेत. काही पदार्थ आतून सतत न दिसणारे किरण सोडतात. त्यांना किरणोत्सर्गी पदार्थ म्हणतात. कोबाल्ट-60, सिझियम-137 ही त्यांतली दोन नावे. या किरणांना वास नाही, आवाज नाही, हाताला चटका नाही. कॅन्सरच्या रुग्णाला दवाखान्यात 'शेक' देतात, 'लाईट' देतात असे आपण म्हणतो. त्यातली अनेक जुनी यंत्रे याच पदार्थांवर चालत. शिशाच्या जाड कवचात बंद असेपर्यंत तो पदार्थ माणसाचे प्राण वाचवतो. कवच फुटले की तोच माणसाला मारतो. आणि कवच फोडणे हेच तर भंगाराच्या धंद्याचे काम आहे. शिसे वेगळे, पोलाद वेगळे, पितळ वेगळे केल्याशिवाय भाव मिळत नाही.

ब्राझील देशात गोयानिया नावाचे शहर आहे. तिथल्या एका खासगी किरणोपचार संस्थेने 1985 च्या अखेरीस जागा सोडली आणि सिझियमचे एक यंत्र त्या पडक्या इमारतीत तसेच राहू दिले. 13 सप्टेंबर 1987 रोजी दोन तरुणांनी त्या यंत्राचा जड भाग काढून ढकलगाडीतून घरी नेला. त्याच दिवशी त्यांना उलट्या सुरू झाल्या. काहीतरी खाण्यातून झाले असेल, अशी समजूत झाली. पाच दिवसांनी त्यांनी तो भाग भंगारवाल्याला विकला. रात्री भंगारवाल्याने बघितले तर त्यातून सुंदर निळा उजेड येत होता. शेजारी आले, नातेवाईक आले, मित्र आले. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे त्याने लोकांना वाटले. काहींनी ती पूड जत्रेतल्या चमकीसारखी अंगाला चोळली. भंगारवाल्याच्या भावाने थोडी घरी नेली. त्याची सहा वर्षांची मुलगी तिच्याशी खेळली आणि त्याच हाताने जेवली. सगळा पदार्थ मिळून होता 93 ग्रॅम.

पुढची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. घरातली एकामागून एक माणसे आजारी पडत होती. दवाखान्यात काही रुग्णांना उष्ण प्रदेशातला कुठलासा रोग असेल म्हणून ठेवले होते. कारण कुणाला सापडत नव्हते. ते सापडले भंगारवाल्याच्या बायकोला. ती चमकणारी वस्तू घरात आल्यापासून माणसे पडायला लागली, हे तिने ताडले. स्वतः आजारी असताना, दुकानातल्या एका कामगाराला सोबत घेऊन, उरलेला तुकडा पिशवीत घालून ती बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली आणि डॉक्टरांपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी, 29 सप्टेंबरला, एका भौतिकशास्त्रज्ञाने मोजण्याचे यंत्र उसने आणले. काटा एवढा चढला की यंत्रच बिघडले असावे असे वाटून त्याने दुसरे आणले. तोही काटा तसाच चढला. तेवढ्यात अग्निशमन दलाची माणसे ती वस्तू नदीत टाकायला निघाली होती. त्यांना त्याने अडवले. नदीत टाकली असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

ती बाई वाचली नाही. सहा वर्षांची ती मुलगी आणि ती एकाच दिवशी गेली. दुकानातले दोन तरुण कामगार त्याच आठवड्यात गेले. सुमारे 1,12,000 लोकांची स्टेडियममध्ये रांगा लावून तपासणी झाली. 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात तो पदार्थ सापडला. घरे पाडावी लागली, अंगणातली माती खरवडून न्यावी लागली.

आणि त्या मुलीला शिशाच्या पेटीत घालून दफनासाठी नेले तेव्हा जमावाने दगड फेकले. इथे पुरू नका, आमची जागा बाटेल, म्हणून. गोयानियाच्या माणसांना दुसऱ्या शहरांत हॉटेलांत खोली मिळेना, तिथला माल कुणी घेईना. आपल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आरोग्यापुरते एवढे सांगतो: ज्याच्या अंगावर नुसते किरण पडले, त्याला शिवल्याने दुसऱ्याला काही होत नाही. अंगावर पूड असेल तर कपडे काढून पिशवीत बंद करायचे आणि साबण-पाण्याने अंग धुवायचे. कॅन्सरसाठी यंत्राचा शेक घेऊन आलेल्या माणसाजवळ नातवंडांना बसू न देणारी घरे आमच्या बघण्यात आहेत. बाहेरच्या यंत्राने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. बसू द्या नातवंडांना.

गोयानियाला मदतीसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अनेक देशांतून तज्ज्ञ पाठवले. त्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अणुबाँब रोखून बसले होते, पण दोन्हीकडचे डॉक्टर ब्राझीलच्या डॉक्टरांबरोबर त्याच रुग्णांसाठी राबले. रक्तपेशींतल्या गुणसूत्रांची मोडतोड मोजून कुणाला किती किरण लागले याचा अंदाज काढला. प्रशियन ब्लू नावाचा एक निळा रंग पोटात दिला की तो सिझियमला धरून शौचावाटे बाहेर काढतो. हा उपाय इथे 46 जणांवर केला. 1988 मध्ये सगळा अनुभव अहवालात छापला गेला आणि तो आजही जगभर शिकवला जातो. ब्राझीलने 1996 मध्ये कायदा करून पीडितांना पेन्शन दिली. आपल्याकडे अशा कायद्याची चर्चासुद्धा ऐकू येत नाही.

पण मूळ दुखणे राहिलेच. 2000 साली थायलंडमध्ये बँकॉकजवळच्या सामुत प्राकान इथे भंगार वेचणाऱ्यांच्या हाती कोबाल्ट-60 चे यंत्र आले. ते फोडले गेले आणि तीन माणसे मेली. त्या यंत्रावर तीन पाकळ्यांची खूण होती. खुणेने आपले काम केले होते. ती वाचायला कुणाला शिकवले नव्हते.

म्हणून तज्ज्ञांनी मग जे केले ते अगोदरच करायला हवे होते. त्यांनी लोकांना विचारले. भारत, ब्राझील आणि केनिया या देशांत तीन पाकळ्यांच्या खुणेचा अर्थ शंभरातल्या सहा जणांनाही ठाऊक नव्हता. म्हणजे आमच्या मावशी एकट्या नव्हत्या. कुठल्याशा शाळेतल्या मुलांनीही तिला पंखाच म्हटले होते. मग नवी खूण बनवण्याचे काम सुरू झाले आणि ते पाच वर्षे चालले. ब्राझील, मेक्सिको, मोरोक्को, केनिया, सौदी अरेबिया, चीन, भारत, थायलंड, पोलंड, युक्रेन आणि अमेरिका अशा 11 देशांत 1650 माणसांना चित्रे दाखवली. लहान-मोठी, बाई-पुरुष, शिकलेली-न शिकलेली. जे चित्र बघून माणूस 'धोका आहे, लांब हो' असे समजला ते निवडले. 15 फेब्रुवारी 2007 रोजी लाल त्रिकोण जाहीर झाला. तो यंत्राच्या बाहेरच्या बाजूला नसतो. आतल्या घातक भागाजवळ, झाकण खोलल्यावर दिसेल असा लावायचा असतो, म्हणजे फोडणाऱ्याच्या डोळ्यांपुढेच यावा.

आम्हाला हे संशोधन फार आवडले, हे मोकळेपणाने सांगतो. विज्ञानातली मोठी माणसे आपल्याला विचारायला येतात ती बहुधा रक्त घ्यायला, वजन करायला, फॉर्म भरून न्यायला. इथे ती 'तुम्हाला हे चित्र कसे दिसते' असे विचारायला आली आणि उत्तराप्रमाणे आपले चित्र बदलले. पण पुढचे पाऊल पडले नाही. ज्या भारतातल्या माणसांना विचारून खूण बनली, त्या भारतातल्या भंगाराच्या गल्लीत ती परत आली नाही. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

खूण जाहीर झाल्यावर तीनच वर्षांनी दिल्लीत मायापुरी घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले कोबाल्ट-60 चे एक यंत्र होते. 1985 पासून ते पडून होते. फेब्रुवारी 2010 मध्ये विद्यापीठाने ते इतर अडगळीबरोबर लिलावात विकले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. एकाने त्यातला चमकता तुकडा पाकिटात ठेवला. माणसांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले, उलट्या-जुलाब थांबेनात. एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काहीजण दवाखान्यात पडून राहिले. यंत्र जुने, त्यावर लाल त्रिकोण असणे शक्यच नव्हते. पण आम्ही विचारतो, विद्यापीठात तर तीन पाकळ्यांचा अर्थ कळणारी माणसे होती ना? गोयानियात संस्था शिकलेल्यांची, मायापुरीत विद्यापीठ शिकलेल्यांचे. चूक वरच्या मजल्यावर झाली आणि हात खालच्यांचे जळाले. म्हणून 'अडाणी भंगारवाल्यांनी यंत्र फोडले' असे कुणी म्हटले की आमचे डोके तापते.

महाराष्ट्र यातून सुटला आहे असेही नाही. 2008 मध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडला. बटणे भारतातून गेलेली. माग काढत गेल्यावर तो आपल्या खोपोलीतल्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत आला. कुठूनतरी आलेल्या भंगारात कोबाल्टचा तुकडा होता, तो भट्टीत वितळला आणि पोलादात मिसळून परदेशी गेला. तिथल्या सुमारे 20 कामगारांना किती किरण लागले ते मोजले गेले. सामान्य माणसाच्या वर्षाच्या मर्यादेहून थोडे जास्त, एवढे निघाले. तोच तुकडा खोपोलीच्या भट्टीत पडण्याआधी किती काट्यांवर तोलला गेला असेल, किती डोक्यांवरून गेला असेल?

आमचे मत असे की, किरणोत्सर्गापासून जनतेला वाचवण्याचे काम शास्त्रज्ञ आणि भंगारवाले यांनी मिळून करण्याचे आहे, आणि त्यात आजवर दुसऱ्या पक्षाला बोलावणेच गेलेले नाही. परवाने देणारे, तपासणी करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. मानखुर्द-गोवंडीच्या भंगार गल्ल्यांपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून उभी आहे. तिच्यातल्या बहुसंख्य बाया आपल्यासारख्याच दलित समाजातल्या आहेत आणि कुठल्या भागातून कसला माल येतो हे त्यांना तोंडपाठ आहे. एकीकडे मोजण्याचे यंत्र आहे, दुसरीकडे माल ओळखणारी नजर आहे. या दोघांना एका सतरंजीवर बसवायला कुठला मोठा निधी लागतो?

लाल त्रिकोण मराठी ओळीसह प्रत्येक भंगार गाळ्यात, काट्याच्या वरच्या भिंतीवर असावा, ही तर अगदी साधी मागणी. मोठ्या गोदामांत मोजणी यंत्र ठेवणे जरा खर्चाचे, पण अशक्य नाही. बंदरांवर ते असते. आमचा खरा जोर तिसऱ्या गोष्टीवर आहे, आणि ती कुठल्याही अहवालात ठळक दिसत नाही. संशयास्पद माल कळवणाऱ्याला त्या मालाच्या वजनाचा भाव मिळाला पाहिजे आणि 'चोरीचा माल कुठून आणलास' म्हणून त्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवता कामा नये. एका गाळेवाल्या भाऊंनी आम्हाला सरळ सांगितले, "फोन करीन हो, पण माझे पन्नास किलो शिसे गेले आणि वर हप्ता बसला, तर पुढच्या वेळी मी करीन का?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. सरकारकडे असले पाहिजे. चित्र कितीही चांगले काढा, सांगणाऱ्याचे नुकसान होत असेल तर चित्राकडे बघून माणूस मान फिरवेल.

काहीजण म्हणतील, अशा घटना किती विरळ, कशाला लोकांना घाबरवता? विरळ आहेत, हे खरेच. भंगारात काम करणाऱ्या आपल्या माणसांना रोज त्रास होतो तो बॅटरीतल्या ॲसिडचा, कचऱ्यातल्या सुयांचा, केबल जाळल्याच्या धुराचा, टीबीचा. त्यावर या पानात लिहिले आहे आणि लिहीत राहू. पण विरळ संकटाचे पाप दरवेळी त्याच हातांवर येत असेल आणि ते टाळायला एक छापील कागद आणि एक सरळ नियम पुरत असेल, तर तो न करण्याला निमित्त उरत नाही.

आता गाळ्यात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचे ते. आकाराच्या मानाने फार जड वाटणारा गोल किंवा नळीसारखा डबा, आत शिसे, जाड पोलादी झाकण, दवाखाना, प्रयोगशाळा किंवा कारखान्यातून आलेला जुना यंत्राचा भाग, त्यावर तीन पाकळ्या किंवा लाल त्रिकोण: असा माल दिसला तर कापू नका, गॅस लावू नका, छन्नी मारू नका. तुकडा चमकतो म्हणून खिशात, घरात, पोरांच्या हातात देऊ नका. जिथे आहे तिथेच ठेवा, सगळ्यांना लांब करा, 112 वर फोन करून 'किरणोत्सर्गी वस्तू असावी' असे शब्द वापरून सांगा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ तळेगावला आहे आणि या कामाचे तिला शिक्षण असते. किरणांपासून वाचवते ते अंतर, म्हणून वस्तूपासून जितके लांब जाल तितके बरे. फोडून झालेच असेल तर हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

आणि एका गाळ्यातल्या दोन-तीन माणसांना एकाच सुमारास उलट्या, न भाजता भाजल्यासारखी कातडी, पुढे केस गळणे असे दिसले, तर डॉक्टरांना गोळ्या लिहू देण्याआधी सांगा की आम्ही भंगारात काम करतो आणि अमुक दिवशी अमुक वस्तू फोडली. डॉक्टर विचारतीलच असे नाही. गोयानियात त्या बाईने सांगितले नसते तर आणखी किती दिवस गेले असते?

हे वाचून एक्स-रेला घाबरू नका, एवढी विनंती. टीबीच्या संशयावरून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला तर काढा. जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षभरात आपल्याला सहज जेवढे किरण लागतात, त्यांच्यापुढे छातीच्या एका एक्स-रेचे किरण थोडेच असतात. गरोदर ताईंनी मात्र आपण गरोदर असल्याचे आधी सांगावे. सिटी स्कॅनमध्ये किरण बरेच जास्त असतात. तेव्हा तो कशासाठी हवा, हे विचारायला लाजू नका आणि जुन्या फिल्म सांभाळून ठेवा, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागणार नाही.

त्या रविवारी मावशी लाल त्रिकोणाचा कागद घडी घालून कनवटीला लावून घेऊन गेल्या. दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या गाळ्यावर गेलो, तर तो काट्याच्या वर खळीने चिकटवलेला. मालक म्हणाले, "चित्र कळालं, पण खाली मराठीत लिहून द्या आणि फोन कुठला करायचा तो आकडा मोठा काढा." आम्ही खडूसारखा जाड मार्कर आणून 'कापू नका, लांब व्हा, 112' असे लिहून दिले. त्या गल्लीत आणखी सात गाळे आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर तिकडे जायचे ठरले आहे; ज्यांना सोबत यायचे त्यांनी चपला घालूनच यावे, खाली पत्रा फार असतो.